पाड्याचा ठराव : जव्हार-मोखाड्यातील स्थानिक कारभाराची घडण

जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्यातील शेजारी तालुके असले, दोहोंतील लोकसंख्येत दहापैकी नऊ माणसे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांची असली, आणि दोहोंच्या पावसाच्या व दारिद्र्याच्या कथा सारख्याच सांगितल्या जात असल्या, तरी त्यांच्या कारभाराचे मूळ एक नाही. जव्हार हे मुकणे या महादेव कोळी घराण्याचे संस्थान होते. चौदाव्या शतकात सुरू झालेली ही राजसत्ता दिल्लीची सुलतानी, मोगल, मराठे आणि इंग्रज या सर्वांशी जुळवून घेत १९४८ पर्यंत टिकली. मोखाडा मात्र इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्याचा भाग होता आणि शहापूर तालुक्याचा पेटा, म्हणजे तालुक्याच्या हाताखालचा लहान महसुली विभाग, म्हणून त्याचा हिशेब ठेवला जाई. एका बाजूला राजाची आज्ञा आणि दुसऱ्या बाजूला कलेक्टरचा हुकूम चालत असे, आणि ठाण्याचा कलेक्टरच जव्हार संस्थानाचा पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारच्या वतीने संस्थानावर देखरेख करणारा अधिकारी असल्यामुळे, या दोन अधिकारांमधले अंतर कागदावर दिसते तितके मोठे नव्हते.

स्थानिक स्वराज्याचा पहिला प्रयोग या भागात संस्थानाच्या राजधानीत झाला. १९१८ मध्ये जव्हार येथे नगरपालिका स्थापन झाली. इतक्या लहान आणि आडबाजूच्या डोंगरी गावात ती इतक्या लवकर यावी ही गोष्ट लक्षणीय असली, तरी तिचे स्वरूप राजाने दिलेल्या देणगीचे होते. नगरपालिका असावी की नसावी, तिला कोणते अधिकार असावेत आणि हद्द कुठवर जावी, हे ठरवताना रयतेला विचारण्याचा प्रश्न त्या काळच्या संस्थानी कल्पनेत बसणारा नव्हता. पुढे यशवंतराव मुकणे गादीवर आले तेव्हा ते अल्पवयीन होते, त्यामुळे १९३८ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार येईपर्यंत संस्थानचा गाडा इंग्रज सरकारच्या देखरेखीखालीच चालला. ब्रिटिश हद्दीतील मोखाड्याची स्थिती तत्त्वतः निराळी होती, कारण लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या प्रसिद्ध ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली होती. परंतु या बोर्डांचा मताधिकार मालमत्ता आणि कर यांच्याशी जोडलेला असल्याने, सावकाराच्या किंवा जंगल खात्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला त्यात जागा नव्हती. तेव्हा संस्थानी रयत आणि इंग्रजी रयत यांच्यात मताच्या दृष्टीने फारसा फरक करता येत नाही.

याचा अर्थ येथे लोकांचा स्वतःचा कारभार नव्हता, असा मात्र होत नाही. या डोंगराळ भागात वस्ती एकवटलेली नसते. आपापल्या शेताजवळ, पाण्याच्या झऱ्याजवळ किंवा एका कुळीच्या माणसांनी मिळून वसवलेले पाडे दूरदूर विखुरलेले असतात, आणि गावदेवाची पूजा, लग्नातले देणेघेणे, बांधावरचे तंटे, रानातून काय आणावे आणि काय राखावे यांचे निर्णय पाड्यातील वडीलधारी माणसे एकत्र बसून करीत आली आहेत. या बैठकीला लेखी सनद नव्हती, तिचे इतिवृत्त कोणी लिहीत नसे, आणि म्हणूनच महसुली दप्तराला ती दिसत नसे. स्त्रियांचा शब्द तिथे किती चालत असे, हा प्रश्न अर्थातच रास्त आहे आणि पाड्याच्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेखक तो सहसा टाळतात.

१९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. विलीनीकरणाचा दस्तऐवज राजा आणि भारत सरकार यांच्यातला होता; त्यावर रयतेचे मत घेतले गेले नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत जुनागढमध्ये सार्वमत घेतले गेले होते, पण तिथे पाकिस्तानात जाण्याचा नवाबाचा निर्णय आड आला होता. जव्हारसारख्या निर्विवाद ठिकाणी मतदान घेण्याची गरज दिल्लीला वाटली नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तिला दोषही देता येणार नाही. माजी राजे यशवंतराव मुकणे पुढे लोकसभेवर निवडून गेले, ही गोष्ट या संक्रमणाची एक बाजू दाखवते: प्रौढ मताधिकार येताच जुनी निष्ठा नव्या मतपेटीत सहज उतरली. दुसरी बाजू अशी की आता प्रत्येक प्रौढ आदिवासीच्या हाती मत आले होते. हे मत प्रतिनिधी निवडू शकत होते, कारभाराची चौकट बदलू शकत नव्हते.

ती चौकट पुढील दोन दशकांत मुंबईत ठरली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीचे एकक म्हणून ‘गाव’ धरले, आणि गाव म्हणजे शासनाने अधिसूचनेद्वारे, म्हणजे राजपत्रात छापलेल्या हुकुमाद्वारे, घोषित केलेले क्षेत्र अशी व्यवस्था केली. १९६० मध्ये नेमलेल्या वसंतराव नाईक समितीने पुढच्या वर्षी आपला अहवाल दिला; केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने विकास गटाला महत्त्व दिले असताना नाईक समितीने जिल्ह्याला बळ द्यावे अशी शिफारस केली, आणि १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. सत्तेचे विकेंद्रीकरण म्हणून या व्यवस्थेचे जे कौतुक झाले ते सपाटीवरच्या, एका पांढरीत, म्हणजे एकाच गावठाणात, वसलेल्या गावांना शोभणारे होते. जव्हार-मोखाड्यात तिचे फलित गट ग्रामपंचायत हे झाले: दोन-तीन महसुली गावे आणि त्यांचे अनेक पाडे मिळून एक पंचायत, तिचे कार्यालय रस्त्यालगतच्या एखाद्या मोठ्या वस्तीत, आणि पावसाळ्यात ओढा भरला की तिथवर पोचू न शकणारे मतदार दूरच्या पाड्यात. ग्रामसभा कायद्यात होती. ओढ्यापलीकडच्या माणसांना तिचा निर्णय बहुधा झाल्यावरच कळे.

जिल्ह्याचे ठिकाण दूर असण्याची किंमत १९९२-९३ मध्ये सर्वांना दिसली. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, त्या बातम्यांनी राज्य हादरले, आणि त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. आपत्तीला शासनाने दिलेले हे उत्तर प्रशासकीय होते. अधिकारी लोकांच्या जवळ आणला गेला, अधिकार मात्र होता तिथेच राहिला.

याच सुमारास देशाच्या पातळीवर एक वेगळा वाद सुरू झाला होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले, परंतु त्याच दुरुस्तीतील अनुच्छेद २४३-डी हा भाग स्त्रियांच्या व आदिवासींच्या आरक्षणाबद्दल जितका ठाम होता, तितकाच दुसरा एक अनुच्छेद सावध होता: पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांना, म्हणजे आदिवासी बहुसंख्य असलेल्या आणि राज्यपालांच्या विशेष अधिकाराखाली येणाऱ्या प्रदेशांना, ही पंचायत व्यवस्था आपोआप लागू होणार नव्हती, संसदेने स्वतंत्र कायदा केला तरच ती तेथे नेता येणार होती. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. सपाटीवरचा साचा जसाच्या तसा डोंगरावर बसवू नये, अशी मागणी आदिवासी स्वशासनासाठी काम करणाऱ्या संघटनांनी लावून धरली. सनदी सेवेतून बाहेर पडलेले ब्रह्मदेव शर्मा आणि ठाणे जिल्ह्यातील कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू हे त्यांतले ठळक आवाज होते. खासदार दिलीपसिंग भुरिया यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये अहवाल दिला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम अस्तित्वात आला. ‘पेसा’ या नावाने तो ओळखला जातो.

पेसाची कलमे थोडी आहेत, पण त्यांतील एक कलम या लेखाच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. त्यात गावाची व्याख्याच बदलली: परंपरा व रूढींनुसार आपला व्यवहार चालवणाऱ्या समाजाची वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, म्हणजे गाव, आणि अशा प्रत्येक गावाला, मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची मिळून, स्वतंत्र ग्रामसभा. विकासाच्या योजनांना मान्यता देणे, लाभार्थी निवडणे, पंचायतीने पैसा योग्य कामी लावल्याचा दाखला देणे, भूसंपादनापूर्वीच्या सल्लामसलतीत सहभागी होणे, गौण वनोपज, गावचा बाजार, दारू आणि सावकारी यांवर नियंत्रण ठेवणे, असे अधिकार ग्रामसभेकडे किंवा ग्रामसभा व पंचायत यांच्याकडे मिळून आले. महसुली दप्तराला न दिसणारी पाड्यातली बैठक प्रथमच कायद्याच्या दृष्टीस पडली, आणि तिच्यात पुरुषांइतक्याच स्त्रियाही मतदार म्हणून बसणार होत्या.

महाराष्ट्राने १९९७ मध्ये ग्रामपंचायत कायद्यात आवश्यक त्या दुरुस्त्या केल्या, पण त्या कशा राबवायच्या याचे नियम करायला राज्याने जवळजवळ सतरा वर्षे घेतली. नियमांवाचून अधिकार हे हक्काच्या रूपात असतात, पण कचेरीत अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग हक्क व कचेरी यांची भेटच होत नाही. या मधल्या काळात मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभे राहिले. मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देण्यासाठी बांधलेला हा प्रकल्प २०१२ च्या सुमारास पुरा झाला, तर मोखाड्यातील अनेक पाड्यांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सल्लामसलतीची कायदेशीर रीत ठरलेली असती तर धरण झालेच नसते असे म्हणता येणार नाही. मात्र पाण्याच्या वाटणीचा प्रश्न ग्रामसभेपुढे औपचारिकपणे आला असता, एवढे नक्की म्हणता येईल.

४ मार्च २०१४ रोजी महाराष्ट्राचे पेसा नियम प्रसिद्ध झाले आणि पुढे पाच महिन्यांनी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटना एकाच वर्षातल्या असल्या तरी लोकांशी त्यांचे नाते परस्परविरुद्ध आहे, म्हणून त्या शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. जिल्हा विभाजनाची मागणी अनेक वर्षांची होती, आणि मुख्यालय आदिवासी भागाच्या मध्याशी, जव्हारला असावे, असा आग्रह जव्हार-मोखाड्यात धरला जात होता. शासनाने रेल्वेमार्गावरच्या पालघरची निवड केली. सोयीचे मुद्दे दोन्ही बाजूंना होते, पण निर्णयाची पद्धत एकच होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार जिल्हे आणि तालुके निर्माण करण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि त्यांचा विचार करून अंतिम अधिसूचना निघते. हरकत घेणारा आणि मत देणारा यांच्यात फरक असा की हरकतींची संख्या कितीही मोठी असली तरी तिने निर्णय बांधला जात नाही.

जगात इतरत्र काही ठिकाणी अशा प्रकारचे निर्णय मतपेटीने होतात. अमेरिकेत काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्याशी तुलना होईल असा विभाग, काही राज्यांत स्वतःची सनद स्वीकारू शकतो. मंडळावर किती सदस्य असावेत, कोणती पदे निवडणुकीने आणि कोणती नेमणुकीने भरावीत, हे या सनदेत लिहिलेले असते. कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये घटनादुरुस्ती करून ही मुभा दिली, लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी १९१२ मध्ये आपली सनद मंजूर केली, आणि तेव्हापासून तिच्यातला प्रत्येक बदल मतदारांपुढे जातो. भारतात जिल्हा परिषदेची सनद म्हणजे राज्याचा अधिनियम, आणि तो बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा. सरपंच थेट लोकांनी निवडावा की सदस्यांनी, या प्रश्नावर महाराष्ट्राने २०१७ मध्ये एक उत्तर दिले, २०२० मध्ये ते फिरवले आणि २०२२ मध्ये पुन्हा पहिले उत्तर स्वीकारले; पुढच्या दोन्ही वेळा सत्तापालटाचा संबंध होता, मतदाराच्या पसंतीची चाचणी एकदाही झाली नाही. मराठी मुलुखाच्या शेजारी राज्यकारभाराच्या स्वरूपावर खरेखुरे मतदान झाले ते गोव्यात, महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, आणि त्याचा निकाल महाराष्ट्रातील पुढाऱ्यांना रुचला नव्हता. सार्वमताविषयीची आपल्याकडची उदासीनता त्यातून आली असावी, असा तर्क केल्यास तो अगदीच निराधार ठरू नये.

या पार्श्वभूमीवर २०१४ च्या पेसा नियमांतील गाव घोषित करण्याची तरतूद किती वेगळी आहे हे कळते. एखाद्या पाड्याला, किंवा एकत्र येऊ इच्छिणाऱ्या पाड्यांना, आपले स्वतंत्र गाव व्हावे असे वाटल्यास तेथील मतदार एकत्र बसतात, निम्म्याहून अधिक मतदारांच्या संमतीने तसा ठराव करतात, आणि तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत प्रांताकडे, पाठवतात. प्रांताने प्रत्यक्ष चौकशी करून, पाड्याच्या परंपरागत सीमा शेजारच्या वस्त्यांना मान्य आहेत का ते पाहून, प्रस्ताव पुढे न्यायचा असतो. सुरुवात लोकांकडून होते आणि अधिकाऱ्याचे काम पडताळणीचे उरते. जव्हार भागात वयम् चळवळीसारख्या संघटनांनी पाड्यापाड्यांत बैठका घेऊन नियम वाचून दाखवले आणि ठराव कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, हे शिकवले. पोच घेण्याचा धडा बाहेरच्या वाचकाला क्षुल्लक वाटेल. ज्याने कचेरीत कागद हरवताना पाहिले आहेत त्याला तो स्वशासनाचा पहिला धडा वाटतो. पुढे राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या काळात, २०१५ मध्ये, आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासींच्या विकासासाठी वेगळ्या राखलेल्या, निधीतील ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला, आणि ग्रामसभेच्या ठरावामागे प्रथमच पैसा उभा राहिला.

तरतुदीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पाडा गाव झाला तरी पंचायत बहुधा जुनी, गटाचीच राहते. एका पंचायतीत अनेक ग्रामसभा असतात, त्यांचा कागदपत्रांचा व्याप एकाच ग्रामसेवकाने सांभाळायचा असतो, आणि थेट निधी पंचायतीच्या खात्यात येत असल्याने सरपंचाशी बिनसलेल्या पाड्याला त्यातला वाटा मिळवताना पुन्हा झगडावे लागते. याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. ग्रामसभा सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरतात. जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे भातकापणी उरकून दिवाळीनंतर वसई, भिवंडी, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात, होळीला काही दिवस परततात आणि पावसाच्या तोंडावर मुक्कामाला घरी येतात. म्हणजे चारपैकी दोन सभा अशा वेळी होतात जेव्हा निम्म्याहून अधिक मतदारांची संमती मिळवायला ते मतदार पाड्यात नसतात. १५ ऑगस्टला माणसे असतात, पण तेव्हा लावणीनंतरची निंदणी आणि भरलेले ओढे असतात. पाड्याने आपल्या सोयीच्या दिवशी, होळीच्या आठवड्यात, सभा बोलावली तर कायदा आड येत नाही. मात्र त्या दिवशी ग्रामसेवक हजर राहील याची व्यवस्था तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी केली पाहिजे, आणि ती करण्यास नव्या कायद्याची गरज नाही.

दोन्ही तालुक्यांच्या मुख्य ठिकाणांना मात्र नव्या कायद्याची गरज आहे. २०१४ नंतर राज्य शासनाने तालुक्यांच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचे धोरण राबवले. नगरपंचायत म्हणजे गावातून शहराकडे संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठी १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाने ठरवलेली संस्था. त्या धोरणानुसार मोखाडा नगरपंचायत झाले. रस्ते, दिवे, नळ यांसाठी अधिक निधी मिळणे हा त्याचा लाभ होता, आणि तो खोटा नव्हता. परंतु मोखाड्याची ग्रामसभा त्याबरोबर संपली, आणि हा बदलही अधिसूचना, हरकती, अंतिम अधिसूचना याच क्रमाने झाला. ग्रामसभेने आपले अस्तित्व ठेवावे की सोडावे यावर तिच्याच मतदारांचा निर्णायक ठराव घ्यावा, अशी सोय नगरपरिषद कायद्यात नाही. सुमारे १२ हजार लोकसंख्येच्या जव्हार शहरात तर नगरपालिकेमुळे पेसाची ग्रामसभा कधी आलीच नाही. घटनेचा नगरपालिकांविषयीचा भागही अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. पंचायतींसाठी पेसा झाला तसा शहरांसाठी स्वतंत्र कायदा संसदेने करायचा होता. त्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि त्याचा कायदा झाला नाही. परिणामी जव्हार आणि मोखाडा या दोन गावांतील आदिवासी मतदारांना, अनुसूचित क्षेत्रात राहूनही, त्यांच्या आसपासच्या पाड्यांतील मतदारांना असलेला ठरावाचा अधिकार नाही.